बागूल मॅडमचे कान

आमच्या इमारतीखाली सकाळी भाजीची गाडी येते. काही वर्षांपूर्वी एकदा मी आणि चौथ्या मजल्यावरच्या बागूल मॅडम एकदमच खाली उतरलो. भाजीवाला नवीन होता. "ताई, मेथी बघा, आत्ताच उतरवली," एवढंच तो म्हणाला. मॅडमनी जुडी उलटीपालटी केली, एक देठ मोडून बघितला आणि मान वर न करताच विचारलं, "नामपूरचा का रे तू?"

तो चपापला. "नामपूरच्या अलीकडं, दोन किलोमीटर. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. आत्ता 'उतरवली' म्हणालास ना, तेव्हा."

मग त्या दोघांचं अहिराणीत सुरू झालं. कोणाची सून, कुणाची विहीर, कुठला बाजार. मी पिशवी धरून उभी. एरवी जिन्यात भेटल्यावर पुस्तकातलं वाटावं असं मराठी बोलणाऱ्या या बाई इतक्या खळखळून बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. वर जाताना त्यांनी मला विचारलं, "तुझी मुलगी दुपारी झोपते का गं?"

"झोपते. दोन तास."

"मग ये माझ्याकडे. दोन तासांत बरंच काम होतं."

मला काम हवंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ईराच्या जन्मानंतर नोकरी सोडली होती आणि "मी अगदी मजेत आहे" असं सगळ्यांना सांगत होते. मॅडम पुढे कधीतरी म्हणाल्या, "जिन्यात फोनवर बोलत होतीस. 'मजेत' म्हणताना श्वास घेतलास मध्येच."

त्यांचे कान असे होते.

विमल बागूल हे त्यांचं नाव, पण इमारतीत, रस्त्यावर, बँकेतसुद्धा त्या बागूल मॅडमच. गंगापूर रोडला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी सांगतात की, मॅडम वर्गाकडे पाठ करून पेपर तपासत बसायच्या आणि बारा यंत्रांच्या खडखडाटातून मध्येच म्हणायच्या, "तीन नंबर, चुकलीस. मागे जा." तीन नंबरची मुलगी खरंच चुकलेली असायची. मला हे अतिशयोक्त वाटायचं. पुढे त्यांच्या शेजारी बसून काम करायला लागले, तेव्हा वाटेनासं झालं.

यंत्रं गेली, क्लास बंद झाला. मॅडमनी अंबडला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगचं काम धरलं. आणि वर्षभरात अण्णांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सहा फुटी, मोठ्यांदा हसणारे गृहस्थ. झटक्यानंतर उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे अगदी गेलं नाही. मराठी गेलं. लहानपणची अहिराणी तेवढी राहिली, तीही घशात अडकून, घासून बाहेर यायची. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. मॅडमना सगळं कळायचं. अण्णा काही घरघरले की त्या आमच्याकडे वळून सांगायच्या, "ते विचारतायत, चहा घेतला का तुम्ही." किंवा "ते म्हणतायत, पोरगी आईवर गेली नाही, बरं झालं." अण्णांचे डोळे हसत असायचे, त्यामुळे भाषांतर बरोबर आहे हे पटायचं.

कारखान्यातली नोकरी अर्थातच सुटली. अण्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. मग कुणीतरी त्यांना हे घरबसल्या करायचं काम सुचवलं.

काम असं होतं. संगणकावर बोलण्याचे छोटे छोटे तुकडे यायचे. कुणी शेताबद्दल बोलतंय, कुणी लग्नाबद्दल, कुणी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल. ते ऐकून जसंच्या तसं लिहायचं. अशा लाखो तुकड्यांवरून म्हणे यंत्राला माणसांचं बोलणं समजायला शिकवतात. कंपनी कुठली, तिचे मालक कोण, कार्यालय कुठे, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. एक संकेतस्थळ होतं, त्याला आम्ही 'पोर्टल' म्हणायचो, आणि तिकडून येणाऱ्या प्रत्येक संदेशाखाली नावाच्या जागी 'टीम' असं लिहिलेलं असायचं.

"वेळ तुमची, जागा तुमची," असं पोर्टलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मॅडमनी त्यातली वेळ आपली करून घेतली ती अशी: सकाळी अण्णांचं सगळं आवरून बरोबर दहाला त्या इस्त्रीची सुती साडी नेसून, केसांना पिना लावून टेबलाशी बसायच्या. कानातल्या कुड्या काढून स्टीलच्या डबीत ठेवायच्या, कारण हेडफोनखाली त्या टोचत. घरातल्या घरात कशाला साडी बदलायची, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "गाऊनवर ऐकू कमी येतं."

थट्टा त्या अशीच करायच्या, चेहरा हलू न देता.

आम्ही तिघी त्यांच्या हाताखाली तयार झालो असं म्हणता येईल, पण टिकलो दोघी. मी आणि मागच्या गल्लीतली शबाना. शबाना उर्दू शाळेत शिकवायची. सासू आजारी पडल्यावर तिची शाळा सुटली. मॅडमची शिकवण्याची पद्धत साधी होती. एक तुकडा लावायच्या, आम्ही लिहायचो, मग त्या आमचं लिहिलेलं मोठ्यांदा वाचायच्या. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, 'आमच्याकडे पाऊस खूप आहे.'

"असं म्हणाला तो?"

"हो."

"पुन्हा ऐक."

पुन्हा ऐकलं. तो म्हणाला होता, "आमच्याकडं पाऊस लय हाय."

"अर्थ तोच आहे ना पण, मॅडम?"

"अर्थ कुणी विचारला तुला? तो माणूस निफाडचा आहे, घाईत आहे, आणि त्याला पावसाचा कंटाळा आलाय. हे सगळं त्या 'लय हाय'मध्ये आहे. तू ते पुसून टाकलंस. ऐकलं ते लिही. समजलं ते लिहू नकोस."

हे शेवटचं वाक्य आम्ही दोघींनी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही.

ती सुरुवातीची दोन वर्षं चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. नंतर जे झालं त्यामुळे ती खोटी ठरत नाहीत. ईरा झोपली की मी वर जायची. तिला ताप आला तर जायची नाही, आणि कुणाला कारण द्यावं लागायचं नाही. शबाना रमजानमध्ये महिनाभर फक्त सकाळी काम करायची. मॅडम मध्येच उठून अण्णांना वळवून यायच्या, पेज भरवून यायच्या, आणि सोडलेल्या शब्दापासून पुढे लिहायला लागायच्या. "अंबडला असताना औषधाची वेळ झाली की घड्याळाकडे बघायलासुद्धा चोरी वाटायची," त्या म्हणायच्या. "इथे मला कुणी वय विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिस्टर काय करतात विचारलं नाही. काम तेवढं बघतात. आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय."

हे त्या इतक्या विश्वासाने बोलायच्या की मलाही वाटायचं, तिकडे कुठेतरी एक शहाणा, न्यायी माणूस बसलाय आणि तो बागूल मॅडमचं काम बघून मान डोलावतोय.

काम कधी कधी अचानक आटायचं. चार-चार दिवस पडद्यावर 'सध्या कार्य उपलब्ध नाही' एवढंच. मॅडम तेव्हाही दहाला साडी नेसून बसायच्या. "आलं आणि आपण नसलो तर?" मग कधी भर रविवारी, सणाच्या दिवशी, ढिगाने काम यायचं आणि नाही म्हणायची भीती वाटायची. अण्णांना दुसऱ्यांदा दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी डबा घेऊन गेले तर मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन ऐकत होत्या. मला बघून त्यांनी हेडफोन काढला आणि जरा ओशाळल्या. "म्हटलं, बसूनच आहे ना," असं म्हणाल्या. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यांची वेळ यांची राहिलेली नाही. पण मी तरी काय वेगळं करत होते? ईराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका कानात इअरफोन घालून बसले होते मी.

मग अहिराणीचा प्रकल्प आला.

मॅडमना त्या दिवशी झालेला आनंद मी दुसऱ्या कशानेच झालेला बघितला नाही. बागलाणातल्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे आवाज. त्या ऐकायच्या आणि अण्णांच्या कानाला हेडफोन लावायच्या. अण्णांचा डावा हात चादरीवर टकटक करायचा. टीमकडून मॅडमना निरोप आला की आपण या बोलीच्या जाणकार आहात, तर शब्दांची यादी आणि लिहिण्याचे नियम तयार करून द्यावेत, आपल्याला या प्रकल्पाचं प्रमुख करण्याचा विचार आहे. मॅडमनी दोन महिने खपून ती यादी केली. प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य. वाक्यं त्यांनी कुठून आणली होती, ते मला माहीत होतं. 'मनी पोर नाशिकमा शे.' माझी मुलगी नाशकात आहे. त्यांची आई गावातल्या बायकांना असं सांगायची. यादीभर त्यांची आई बोलत होती.

यादी पाठवली. आभाराचा संदेश आला. महिन्याभराने आम्हा सगळ्यांना सूचनापुस्तिका आली, त्यात ती यादी जशीच्या तशी होती, आईच्या वाक्यांसकट. मॅडमचं नाव कुठेही नव्हतं.

"राहिलं असेल छापायचं," मॅडम म्हणाल्या.

प्रमुख कुणालाच केलं नाही. तपासनीस नेमायचे होते, त्यासाठी परीक्षा होती. एक तासाची, एकदा सुरू केली की थांबवता न येणारी. मॅडमनी अण्णांचं जेवण उरकून, त्यांना झोपवून परीक्षा सुरू केली. वीस मिनिटांनी अण्णांना ठसका लागला. तो नेहमीचा ठसका नव्हता. अर्थात त्या उठल्या. परत आल्या तेव्हा पडद्यावर वेळ संपल्याचं लिहिलेलं होतं आणि पुन्हा संधी नव्हती. मी त्याच दिवशी परीक्षा दिली. सासूबाई ईराला बागेत घेऊन गेल्या होत्या. मॅडमच्याच यादीतून प्रश्न होते. मी उत्तीर्ण झाले.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खापरावरचे मांडे केले. गॅसवर खापर नीट तापत नाही म्हणून कुरकुरत, पण केले. "माझी विद्यार्थिनी तपासनीस झाली," असं शबानाला सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता. अण्णा काहीतरी घरघरले. मॅडमनी सांगितलं, "ते म्हणतायत, आता हिच्यापुढे जपून बोलायला पाहिजे."

आम्ही सगळे हसलो.

दोन महिन्यांनी नियम बदलला. एका ओळीचा संदेश: यापुढे सर्व बोलीरूपे प्रमाण मराठीत लिहावीत, अन्यथा चूक धरली जाईल. मॅडम जिना उतरून माझ्याकडे आल्या. तोपर्यंत त्या कधी माझ्याकडे कामाचं बोलायला आल्या नव्हत्या.

"मेधा, हे काय आहे? बाई 'शे' म्हणते आणि मी 'आहे' लिहायचं? मग प्रकल्पाचं नाव अहिराणी कशाला ठेवलंय?"

"नियम आहे मॅडम. थोडे दिवस लिहा तसं. बदलतील परत."

"जे ती बोललीच नाही ते तिच्या तोंडी घालू?"

"कुणाला कळणारेय, मॅडम?"

 "बरं," एवढंच म्हणून त्या वर गेल्या.

तपासनिसाला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. पण त्या आठवड्यात माझ्यासमोर वीस तुकड्यांचा एक संच आला आणि दुसऱ्याच तुकड्याला मला कळलं. विरामचिन्हं जिथल्या तिथे. न कळलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न ठोकता मोकळी जागा. आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलेलं: 'बोलणारी बाई शे असे म्हणाली आहे. कृपया पुन्हा ऐकावे.' पोर्टलवर असं कृपया लिहिणारं दुसरं कोण होतं?

मी पुन्हा ऐकलं. एक म्हातारी सांगत होती, "मना धाकला भाऊ मालेगावले शे." स्वच्छ, मोकळा आवाज. लिहिलेलं अगदी बरोबर होतं.

मी चूक दिली.

का दिली, याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. माझं कामही वर कुणीतरी तपासत होतं. आधीच्या आठवड्यात 'सौम्य तपासणी' असा शेरा मला मिळाला होता. वाटलं होतं, फार तर एक ताकीद जाईल आणि मॅडम हट्ट सोडतील, त्यांच्याच भल्याचं आहे. मी एक मिनिट थांबून फोन करू शकले असते. शेऱ्यात एक ओळ लिहू शकले असते की लिहिणाऱ्याचं बरोबर आहे, नियम तपासा. मी वीसपैकी चौदा तुकडे चूक ठरवले आणि ईराला शाळेतून आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं खातं बंद झालं.

त्यांनी दाद मागितली. क्लासमध्ये शिकवायच्या त्या नमुन्याचं पत्र: विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयान्वये. पाठवल्यावर मिनिटाच्या आत उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तपासणीअंती निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.' मॅडमनी मला ते दाखवलं. "एका मिनिटात? माझं पत्र दीड पानी आहे गं. वाचायलाच चार मिनिटं लागतील."

मग त्यांनी विचारलं, "तू आत आहेस. कुणी तपासलं ते कळेल का? मला भांडायचं नाही. त्याला एकदा ते रेकॉर्डिंग ऐकवायचंय फक्त. कुणीतरी दिल्ली-बंगलोरकडचं पोर असेल, त्याला अहिराणी कुठून कळणार."

"नावं दिसत नाहीत हो, मॅडम," मी म्हटलं.

ते खरंही होतं.

शबानाला मी काही सांगितलं नव्हतं. तिला नुसतं कळलं की मॅडमना काढलं. तिने त्याच दुपारी आपल्या नावाने, आपला क्रमांक देऊन टीमला लिहिलं की या बाईंनी आम्हाला शिकवलं आहे, त्यांचं बरोबर आहे, त्यांना परत घ्या. मला म्हणाली, "तूही लिही ना. तू तपासनीस आहेस, तुझं ऐकतील." मी हो म्हटलं. शबानाला उत्तर आलं नाही. तिला काम येणं मात्र हळूहळू बंद झालं. मी लिहिलं नाही, आणि माझं काम चालू राहिलं.

आठवडाभराने मॅडमनी मला वर बोलावलं. मी गेले तर त्या टेबलाशी बसलेल्या. साडी घरातली. कानांत कुड्या. समोर छापील कागद, बंद केलेल्या खात्याचा तपशील, आणि त्यावर तपासनिसाचे शेरे. एका शेऱ्याखाली पेन्सिलची रेघ.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. 'सूचनेत स्पष्ट म्हटले आहे कि प्रमाण रूप वापरावे.'

"दुसरा वाच."

'लक्षात घ्यावे कि बोलीरूप ग्राह्य नाही.'

"तीन वर्षं सांगतेय तुला," मॅडम म्हणाल्या, "'की' दीर्घ."

मी खाली बसले.  त्यांनी विचारलं, "ऐकलं होतंस का गं, चूक देण्याआधी?"

"हो."

"काय म्हणाली ती?"

"शे म्हणाली."

"आणि माझं आहे हे कळलं होतं?"

मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही. "बोल," त्या म्हणाल्या. "मला ऐकू दे."

"कळलं होतं, मॅडम."

"आणि मी विचारायला आले तेव्हा म्हणालीस, नावं दिसत नाहीत."

मी नियमाचं बोलायला लागले. माझीही तपासणी होते, माझंही काम गेलं असतं, मला वाटलं नुसती ताकीद जाईल. त्या ऐकत होत्या. इतक्या मन लावून ऐकत होत्या की मलाच माझं बोलणं ऐकू यायला लागलं आणि मी थांबले.

"ते पोर्टल माझं कोण लागतं?" त्या म्हणाल्या. "त्यांनी माझी यादी घेतली, नाव टाकलं नाही, मी म्हटलं जाऊ दे. त्यांनी मला कधी बघितलं नाही, मी त्यांना बघितलं नाही. त्यांचा राग तरी कुणावर काढू? पण तू रोज इथे बसायचीस, मेधा. या खुर्चीवर."

आतल्या खोलीतून अण्णा काहीतरी म्हणाले. लांबलचक, दोनदा अडखळून. मी सवयीने मॅडमकडे बघितलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलल्या. परत आल्या. अण्णा काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही.

मी उठून घरी आले.

त्यानंतर जिन्यात भेट झाली तर त्या बाजूला होऊन वाट द्यायच्या. शबानाला त्यांनी काही सांगितलं नसावं, कारण ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची आणि ते मला जास्त लागायचं. शेवटी मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, "मुझे भी काटती क्या?" आणि उत्तराची वाट न बघता भाजी निवडायला लागली.

अहिराणीचा प्रकल्प चार महिन्यांनी गुंडाळला गेला. आम्हा तपासनिसांना एका सकाळी तीन ओळींचा संदेश आला, खाली 'टीम'. दुपारी उघडून बघितलं तर खात्यात शिरताच येईना. मी दाद मागणारं पत्र लिहिलं आणि एका मिनिटात उत्तर आलं. मॅडमना आलं होतं तेच, शब्दन् शब्द तेच. मी ते घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत गेले होते. दारासमोर उभी राहिले आणि खाली आले. मला फसवलं म्हणून तक्रार घेऊन जायला ते घर माझं राहिलं नव्हतं.

त्याच वर्षी अण्णा गेले. मी स्मशानात जाणाऱ्या गर्दीत, इमारतीच्या फाटकापर्यंत होते. महिन्याभरात मॅडमनी घर भाड्याने दिलं आणि सटाण्याला भावाकडे गेल्या. मी त्यांना पत्र लिहिलं. हाताने, चार पानं. प्रत्येक 'की' दीर्घ लिहिली. मग ते पत्र पाठवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या मित्राच्या घरी लग्न होतं म्हणून सटाण्याला गेलो. शबानाने मला सांगून ठेवलं होतं की मॅडम तहसील कचेरीसमोर बसतात. मी मंगल कार्यालयातून चालतच निघाले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, त्यात अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं ओळीने. तिसऱ्या टेबलाशी मॅडम. इस्त्रीची साडी, लॅपटॉप, शेजारी छोटा प्रिंटर. केस सगळे पांढरे झालेले. टेबलावर पाटी होती: सकाळी दहा ते सायंकाळी पाच.

चार माणसं थांबलेली होती. मी त्यांच्या मागे उभी राहिले. एक म्हातारा त्यांच्यासमोर बसून बांधाच्या भांडणाबद्दल अहिराणीत सांगत होता. मॅडम लिहीत होत्या, मध्येच त्याला वाचून दाखवत होत्या. तो मान हलवून म्हणाला, नाही, असं नाही म्हणालो मी. त्यांनी ते खोडलं आणि पुन्हा विचारलं.

माझी पाळी आली. मी खुर्चीवर बसले. मॅडमनी वर बघितलं. चष्म्यामागे डोळे क्षणभर थांबले.

"बसा," त्या म्हणाल्या. "काय लिहायचंय तुमचं?"

तुमचं. इतकी वर्षं त्या मला अगं-तुगं करायच्या. ईराच्या बारशाला, माझ्या तापात, त्या शेवटच्या दुपारीसुद्धा.

"मॅडम, मी मेधा."

"हो, ओळखलं." आवाजात राग नव्हता. मी शोधला, पण नव्हता. "काही अर्ज आहे का? दाखला वगैरे?"

चार पानांतलं मला एक वाक्य आठवेना. "नाही," मी म्हटलं. "सहज आले होते."

"बरं." त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "मग यांना बसू द्या. लांबून आलेत."

मी उठले. मागचे बाबा काठी टेकत पुढे आले आणि खुर्चीवर बसता बसताच घाईघाईने बोलायला लागले. बस सुटेल, मुलगा वाट बघतोय, कागद हरवलाय, सगळं एकदम. मॅडमनी कळफलकावरचे हात उचलले.

"सावकाश सांगा, बाबा," त्या म्हणाल्या. "पाचपर्यंत मी इथेच आहे."